टोपल्यांचं मूळ गाव: नोंदवही

२२ जुलै २०२४

आज संस्थेच्या संग्रहातल्या सगळ्या टोपल्या नव्याने नोंदायला माळ्यावरून खाली आल्या. मोजल्या तर ४३. जुन्या दाननोंदवहीत मात्र ४१ आहेत. जास्तीच्या दोघींपैकी एक शिपाईकाकांनी स्वतःच रद्दी ठेवायला मंडईतून आणली होती, असं ते हसत हसत म्हणाले. तिला नंबर ४३ दिला. माळ्यावर राहून तीही आता जुनी दिसायला लागलीय.

संस्थेने दिलेल्या संगणकातल्या तक्त्यात सहा रकाने आहेत: क्रमांक, नाव, माप, साहित्य, मूळ गाव, काळ. ‘मूळ गाव’ भरल्याशिवाय नोंद जतनच होत नाही. कामाची मुदत दिवाळीपर्यंत. जुन्या चिठ्ठ्या वाचल्या. १४ चिठ्ठ्यांवर नुसतं ‘आदिवासी टोपली’ लिहिलंय. त्यात दोन सुपं आहेत.

२४ जुलै

नावांचीच साफसफाई आधी करावी लागली. सगळ्यालाच टोपली म्हणून कसं चालेल? सूप ६, रोवळी ३, परडी ४, दुरडी ५, हारा २, कोंबड्या झाकायचं डालगं १, जाळीच्या करंड्या ३, बाकी पाट्या आणि टोपल्या. रोवळी कशी ओळखायची, तर तांदूळ धुवायची म्हणून बुडाला फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात आणि आतून ती सारवलेली नसते. धान्याची टोपली शेणाने किंवा मेथी आणि कागदाच्या लगद्याने लिंपलेली असते. नंबर १२ च्या लगद्यात छापील अक्षरं दिसतात, उलटी. भिंगातून ‘…चे भाव’ एवढंच लागलं. वर्तमानपत्राचा बाजारभावाचा तुकडा असावा.

मदतनीस मुलगा ओलं फडकं घेऊन आला होता, त्याला वेळेवर थांबवलं. फटीत अडकलेलं काहीही काढायचं नाही. मऊ ब्रश, खाली पांढरा कागद, आणि जे पडेल ते पुडीत बांधून पुडीवर नंबर.

२९ जुलै

आठवडाभर फक्त बुडं बघितली. आकार, रंग, काठ हे सगळं गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार बदलतं. बूड मात्र विणणारीच्या हाताला सुरुवातीपासून बसलेलं असतं, ते कुणी दुकानात सांगून बदलून घेत नाही. ओळख पटवायची तर तिथूनच पटवावी लागेल, असं वाटतंय.

यात एक साधं गणित आहे. बुडाला कांबट्या (बांबूच्या जाड पट्ट्या) आडव्या-उभ्या टाकल्या की त्यांची टोकं नेहमी समच भरतात, कारण प्रत्येक कांबटीला टोकं दोन. पण एकच बेळ (बांबूची पातळ पट्टी) गोल फिरवत वर चढवायची असेल तर उभ्या कांबट्या विषम लागतात. सम असल्या तर दुसऱ्या फेरीला बेळ पुन्हा त्याच कांबट्यांच्या पुढून जाते आणि वीण धरतच नाही. म्हणजे टोपली विणणाऱ्या प्रत्येकीला कुठेतरी या सम-विषमाचा हिशोब मिटवावा लागतो, आणि तो कसा मिटवला ते बुडाशी कायमचं उमटून राहतं. कुणी एक कांबटी टोकापासून चिरून तिच्या दोन करते. कुणी नंतर एक जादाची खोचते. कुणी चिरतही नाही आणि खोचतही नाही, सरळ दोन बेळी एकीमागे एक चालवते.

गोल विणीच्या २६ टोपल्या मोजल्या. चिरलेली कांबटी १५, दोन बेळी ७, खोचलेली ४. चिरलेल्या १५ पैकी ९ जणींत चीर बरोब्बर पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मधे सुरू होते. बाकीच्या ६ मधे ती पार बुडाच्या कडेला आहे. या दोन सवयी वेगळ्या आहेत. दोन घरांच्या, दोन गावांच्या की फक्त दोन बायकांच्या, ते अजून कळत नाही.

३ ऑगस्ट

चूक सापडली, आणि ती माझीच आहे. वीण कुठल्या दिशेने फिरते (घड्याळाच्या काट्याप्रमाणे की उलट) याचा रकाना मी स्वतःच हौसेने वाढवला होता. पहिल्या वीसेक टोपल्या आत डोकावून नोंदल्या, आणि नंतर उकिडवं बसायचा कंटाळा आला म्हणून बाकीच्या टेबलावर पालथ्या घालून. पालथी घातली की दिशा उलटी होते! ‘डाव्या’ म्हणून नोंदलेल्या ११ पैकी १० निव्वळ पालथ्या होत्या. ४३ च्या ४३ पुन्हा बघितल्या, सगळ्या आतून. खरी उलटी एकच उरली, नंबर १७.

८ ऑगस्ट

सकाळी नंबर २९ च्या खाली पांढरट पिठाची बारीक ढिगुळी दिसली. काल संध्याकाळी तिथे काही नव्हतं. बांबूचा भुंगा. साधारण मिलिमीटरभराची गोल भोकं, टाचणीने पाडल्यासारखी. त्याला बांबूतलं पिष्ट लागतं. म्हणून तर पिष्ट जास्त असलेला वेळू लवकर पोखरतो, आणि म्हणूनच जुनी माणसं अंधाऱ्या पक्षात तोडा, पाण्यात बुडवून ठेवा असं सांगत. चुलीवरच्या शिंकाळ्यात धूर खाल्लेल्या टोपल्यांना एकही भोक नाही, आणि आम्ही नीट पुसूनपासून ठेवलेल्यांना आहे.

फवारणी नको, पुढे तपासणीत त्या औषधाचे अंश घोळ घालतील. पॉलिथिनमधे हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांत आठवडा-दोन आठवडे ठेवलं की किडे, अळ्या, अंडी सगळं मरतं. आमच्याकडे कसला आलाय तसला फ्रीजर. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याला विचारलं. “खायचं काही नाही ना त्यात?” एवढंच त्याने विचारलं. लागण झालेल्या सहापैकी तिथे एका वेळी एकच मावते. पाच पिशव्या पावत्या लावून रांगेत.

१९ ऑगस्ट

‘पेशवेकालीन दुरडी’, नंबर ५. संग्रहातली सगळ्यात मिरवलेली वस्तू, वार्षिक अहवालात तिचा फोटो आहे. हिरव्या-गुलाबी बेळींची नक्षी. आज खोलीत अंधार करून नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चने बघितली, तर गुलाबी बेळी निखाऱ्यासारख्या केशरी पेटल्या. ऱ्होडामिन जातीचा, म्हणजे रासायनिक रंग. तो पहिल्यांदा बनला १८८७ मधे, आणि पेशवाई बुडाली १८१८ ला. कुसुंब्याची, म्हणजे करडईच्या फुलांच्या रंगाची शंका मनात होती, पण कुसुंब्याचा गुलाबी उन्हात टिकत नाही आणि ही दुरडी कित्येक वर्षं झरोक्यासमोर पडून होती. नंतर कुणी डागडुजी केली असेल का, तेही तपासलं. गुलाबी बेळ बुडाच्या पहिल्या फेरीतूनच निघालीय, म्हणजे जन्मतःच रंगीत.

वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, “अहवाल छापून झालाय.” माझ्या वहीत ‘काळ: १८८७ नंतर’ असं लिहून ठेवलं आहे.

९ सप्टेंबर

पुण्याच्या बुरुड आळीत, बांबूकाम करणाऱ्यांच्या वस्तीत गेले. जायची वेळ साफ चुकली, उद्या गौरी येणार. सुपांच्या थप्प्या रस्त्यापर्यंत, कोकणातल्या ओवशाची (गौरीपुढे सुपं ओवाळायच्या विधीची) गिऱ्हाइकं पाच-पाच सुपं एकदम घेतायत, शेजारी मखरांच्या कामट्या सोलणं चाललंय, त्यातच एकजण तिरडीचे बांबू मागायला आलेला. त्याला आधी वाट करून दिली. एका दुकानात साधारण पंचाहत्तरीच्या आजी पायाच्या अंगठ्यात कांब धरून बेळ काढत होत्या. मी त्यांना फोटो दाखवू लागले. “फोटोत काय दिसतंय, बाई. गौरी उठल्यावर ये, आन् वस्तू घिऊन ये.”

१८ सप्टेंबर

वस्तू घेऊन गेले. परवानगी मिळायला आठ दिवस लागले, मिळाली फक्त तीन नगांची: ५, १७, २२.

आजींनी चष्मा लावला नाही. टोपली हातात घेतली की आधी अंगठा आतून फिरवायच्या. “पाठीचं हाय का पोटाचं, ते बघावं आधी.” पाठीची बेळ म्हणजे हिरव्या सालीकडची, चिवट आणि गुळगुळीत. पोटाची म्हणजे आतल्या गराची, स्वस्त मालाला वापरतात आणि ती लवकर चुरते. नंबर २२ चिठ्ठीप्रमाणे ‘घरगुती वापराची, ग्रामीण’ आहे. आजींच्या मते ती सगळी पोटाची, बाजारासाठी एका दिवसात दहा-दहा काढलेल्यांतली. नंबर ५ वर त्यांनी वेळ घालवला नाही. “पुडीतला रंग. लग्नातली.”

१७ वर मात्र थांबल्या. चिठ्ठी म्हणते, ‘आंब्याची टोपली, रत्नागिरी’. त्याला पुष्टी म्हणून मीही बरंच जमवलं होतं. फटीत तांबडी माती, भाताच्या पेंढ्याचे तुकडे. आजींनी पहिल्यांदा आंबाच काढून टाकला. आंब्याची करंडी जाळीची असते, हवा खेळावी म्हणून, आणि एका हंगामापुरतीच. इतकी घट्ट पाठीची वीण आंब्याला कोण घालील? तांबडी माती आणि पेंढा खरे असतील, पण त्यातून ती कुठे राहिली एवढंच कळतं. मातीला काय, महाबळेश्वरलाही तांबडी आहे आणि पन्हाळ्यालाही.

मग काठावर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्यो काठ आमच्या आळीचा.” आणि पालथी करून: “बूड न्हाई.”

म्हणजे काय, असं विचारलं. त्यांनी आतून स्वतःची एक अर्धवट टोपली आणली. बूड अगदी १७ सारखं: चार-चार कांबट्यांची फुली, चीर पहिल्या फेरीनंतर लगेच. “बूड मी आयकडनं शिकले, बार्शीला. सातआठ वर्साची आसंन. हितं नांदायला आले तर सासूनं माझा काठ उसवून टाकला, म्हनली आसला दोरीवानी काठ पुन्यात खपत न्हाई. चार दिस तिच्याम्होरं बसून काठ शिकले. बूड कशाला बदलू? बूड कोन बघतंय?”

त्या काय बोलून गेल्या ते मला रिक्षात बसल्यावर उमगलं. आठवडाभर बुडं मोजून मी ज्याला टोपलीचं मूळ गाव समजत होते ते बाईचं माहेर होतं, आणि काठावर होतं सासर. एका टोपलीला दोन गावं. आणि पुरुषांनी विणलेल्या मालात असं काही दिसायचं नाही, कारण ते जिथे शिकले तिथेच राहिले. हे तपासायला हवं. आजी म्हणतात, आळीत पुरुष मोठं काम करत, तट्टे, झाप, शिड्या. टोपल्या-सुपं बहुतेक बायांकडे.

उलट्या विणीचं विचारायचं राहिलंच होतं. फोन केला तर नातवाने धरला, मागून आवाज आला: “डावरी आसंल. आळीत तिघी डावऱ्या व्हत्या, येक माझीच जाऊ.” तिघींची नावं सांगितली. लिहून घेतली आहेत, पण वेगळ्या वहीत. तिघींपैकी कुणाची असंही नाही, बार्शीकडूनच आलेली कुणी चौथीही असू शकते.

४ ऑक्टोबर

काल घट बसले. घरी आईने परडीत माती घालून गहू पेरताना बघितलं आणि डोक्यात लख्ख पडलं. नंबर ३६! ‘खराब झालेली, काढून टाकावी’ असा शेरा असलेली परडी. आज भिंगाखाली धरली. बुडाच्या फटीफटीतून केसासारखी मुळं विणीतून आरपार गेलीयत, बेळींच्या बरोबरीने, जणू कुणी दोऱ्याने शिवलंय. दोन ठिकाणी मुळाशी गव्हाच्या दाण्याचं रिकामं साल अजून आहे. घटाची परडी सहसा विसर्जन करतात. ही कुणी का ठेवली असेल?

त्याच ओघात नंबर ३४ चा उलगडा झाला. पसरट टोपलीच्या आतल्या कडेने तुपकट काळे डाग, सारख्या अंतरावर. लग्नातली झाल: कणकेचे दिवे लावून वरपक्षाच्या डोक्यावर ठेवतात ती. ‘मूळ गाव’ म्हणाल तर ठणठणपाळ, पण ती कुठल्या रात्रीची आहे हे मात्र नक्की कळलं.

१८ ऑक्टोबर

कुडाळला दोन दिवस. एका वाडीत बांधावरची माणग्याची बेटं मोजली. बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव बांबू, सरळ. ट्रकच्या ट्रक भरून घाटावर जातो, द्राक्षं-टोमॅटोच्या आधाराला. तेव्हा बांबू कोकणातला म्हणून टोपली कोकणातली, हा युक्तिवादही निकालात निघाला. पुण्याच्या आळीतला वेळूसुद्धा बाहेरूनच येतो.

पण एक चांगली गोष्ट हाती लागली. पेरांमधलं अंतर. बेळ चिरली तरी पेराची गाठ बेळीवर आडवी खूण ठेवते, म्हणून टोपली न मोडता एका बेळीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजता येतं. वाडीतल्या माणग्यात ते २० ते २८ सें.मी. भरलं. नंबर ३१ ला मी आधीच मोजलेलं होतं: ६८ सें.मी. सलग, मधे गाठ नाही. आपल्याकडचा मानवेल, कळक, माणगा, कशातच इतकं लांब कांडं बसत नाही. केरळातल्या ईट्टा नावाच्या बांबूचं बसतं, ईशान्येकडच्या काही जातींचं बसतं. ३१ चा आकार खाली निमुळता, काठ वेताने बांधलेला आणि काठाखाली समोरासमोर दोन कड्या आहेत. कपाळाला पट्टा लावून पाठीवर वाहायची टोपली, मेघालयातल्या खासी लोकांच्या ‘खोह’ टोपलीच्या जातकुळीतली. आपल्या बाया टोपली डोक्यावर नेतात. आमच्या पाट्यांच्या बुडाला चुंबळीच्या मापाचा गोल गुळगुळीत झिजलेला पट्टा असतो, ३१ ला तो नाही, तिची झीज पाठीकडच्या एका अंगाला आहे.

नोंदवहीत मात्र ३१ पुढे ‘नागपूर’. परतीच्या बसमधे नोंदवहीचे फोटो पुन्हा चाळले. ‘गाव’ या रकान्यातली गावं आणि देणगीदारांच्या पत्त्यातली गावं सगळीकडे तीच आहेत. नोंदवही लिहिणाऱ्या माणसाने तिथे वस्तूचं गाव कधी लिहिलंच नव्हतं. पोचपावती कुठे पाठवायची ते लिहिलं होतं.

२५ ऑक्टोबर

नंबर ८. चिरलेला बांबू नाहीच, अख्ख्या गोल काड्यांची मजबूत पाटी. गोल म्हटलं खरं, पण चिमटीत फिरवली तर काडी अडखळते. भिंगाखाली कडा चार. कोवळी निर्गुडी अशी चौकोनी असते. निर्गुडी आणि तरवडाच्या काड्यांच्या पाट्या-कणग्या हे कैकाड्यांचं जुनं काम. पण तुराट्या-पळाट्यांची पाटी शेतकरीही घरी वळत, म्हणून नुसत्या साहित्यावरून जात लिहायची नाही, असं ठरवलं. ८ चा काठ मात्र सराइताचा आहे, बाजाराला बसणाऱ्या माणसाचा.

मग लिहायचं का ‘कैकाडी’? या लोकांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं, ती नोंद १९५२ मधे पुसली गेली. आजही विदर्भातल्या जिल्ह्यांत ते अनुसूचित जातीत आणि बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतात, म्हणजे माणसाच्या कागदावर मूळ गाव काय लिहिलंय यावर त्याचं सगळं ठरतं. माझ्या टोपलीला तसा काही त्रास नाही. मी ‘कैकाडी कारागिराचं काम असण्याची दाट शक्यता’ असं लिहिलं, आणि कारणं पुढे दिली. ‘आदिवासी टोपली’च्या १४ चिठ्ठ्यांपैकी १२ काढल्या. दोन ठेवल्यात, त्यांच्या विणीशी जुळणाऱ्या वस्तू आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात काचेपलीकडून पाहून आले, पण काचेपलीकडून बूड दिसत नाही.

७ नोव्हेंबर

बैठक. मी एका रकान्याचे तीन मागितले: वेळू कुठला, हात कुणाचा, वापर कुठला. प्रत्येकापुढे नक्की / बहुधा / माहीत नाही. एक सदस्य म्हणाले, पाहुण्यांना एक गाव सांगितलं की बरं पडतं. १७ नंबरला कुठलं सांगू, विचारलं. बार्शी, पुणे की रत्नागिरी? “त्यातल्या त्यात मोठं,” म्हणाले. तासभर वाद झाला, चहा दोनदा आला. शेवटी छापील सूचीत तीन रकाने मान्य, संगणकात एकच राहणार, कारण बदल करायला ठेकेदार वेगळे पैसे मागतो. संगणकात मी १९ नोंदींना ‘मूळ गाव’ म्हणून एक टिंब दिलं आहे. संगणक ते घेतो.

‘पेशवेकालीन’ शब्द काढला. पुढच्या अहवालात छोटी दुरुस्ती छापू, असं म्हणालेत.

११ नोव्हेंबर

आजी संग्रह बघायला आल्या, नातवाच्या स्कूटरवर. १७ ची नवी चिठ्ठी वाचून दाखवली: ‘पाटी. पाठीच्या बेळीची. बूड बार्शीकडच्या पद्धतीचं, काठ पुण्याच्या बुरुड आळीतला, विणणारी डावरी असावी. नंतर कोकणात किंवा घाटमाथ्यावर वापरात.’ ऐकून घेतलं. मग ४३ उचलली, शिपाईकाकांची. अंगठा फिरवला. “ही माझी हाय.” काठ दाखवला, बूड दाखवलं, एका ठिकाणी बेळ संपून दुसरी जोडलेली दाखवली, “हितं लाईट गेलती.” कितीला घेतलेली, हे काकांना आठवेना. आजींना आठवलं. तेव्हाच्या साठ रुपयांत काकांनी दहा कमी करून घेतले होते.

४३ चे तिन्ही रकाने भरले: वेळू मुळशीकडचा (आजींचं म्हणणं), हात माहीत, वापर रद्दी. विणणारीचं नाव त्यांच्या परवानगीने चिठ्ठीवर घातलं.

उद्या: २९ तेवढी अजून फ्रीजरमधेच आहे, दुसऱ्या गोठवणीसाठी. ती काढायची, पण पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर गार बांबूवर दव धरेल. आइस्क्रीमवाल्याचे पैसे द्यायचे राहिलेत.